सात वीस

सोमवार, 19 ऑगस्ट 2013, रात्र. डॉ. नरेंद्र दाभोलकर मुंबईतली कामं आटोपून पुण्याला निघालेत. घर साताऱ्याला, पण आठवड्यातले काही दिवस पुण्यात 'साधना'चे. साने गुरुजींनी 1948 साली काढलेल्या या साप्ताहिकाचे ते 1998 पासून संपादक.

गाडी पुण्याला पोचेपर्यंत मागचं सांगून घेतो. मिरजेत एमबीबीएस. कबड्डीत आमच्या शिवाजी विद्यापीठाचे कप्तान, पुढे भारताच्या संघात. त्यांची 'हनुमान उडी' जुने कबड्डीवाले अजून सांगतात. देवभोळेपणाशी भांडणाऱ्या माणसाच्या खेळाला हेच नाव पडावं! बारा वर्षं दवाखाना चालवला, मग सोडला. सोडला म्हणायचं एवढंच. चेखव 1890 मध्ये सखालीन बेटावर गेला आणि घरोघर फिरून कैद्यांची कार्डं भरत बसला, तो कथालेखक म्हणून कमी, डॉक्टर म्हणून जास्त. दाभोलकरांचं 'भ्रम आणि निरास' वाचताना तेच जाणवतं. लक्षण काय, कारण काय, उपाय काय. अंगात येणाऱ्या बाईवर ते हसत नाहीत, तिची विचारपूस करतात. मला त्यांच्या लेखणीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

मंगळवार, 20 ऑगस्ट, सकाळ. दिवसभराचं काम ठरलेलं: पर्यावरणपूरक गणेशोत्सवावर पत्रकार परिषद, मग अंक. त्याआधी रोजच्यासारखं फिरणं.

सात वाजून गेलेत. ओंकारेश्वरचा पूल. पाटीवरचं नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल, अस्पृश्यता हटवण्यासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचं.

सात वीसच्या सुमारास दोघांनी जवळून गोळ्या झाडल्या आणि मोटारसायकलवरून पसार झाले.

त्यानंतर ससून रुग्णालय. देहदानाची इच्छा होती, शवविच्छेदनामुळे तीही राहिली. संध्याकाळी साताऱ्यात कोणत्याही धार्मिक विधीविना अंत्यसंस्कार. अग्नी दिला मुलीनं, मुक्तानं.

बुधवार, 21 ऑगस्ट. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं मंत्रालयाचे जिने चढत होते, त्याच्या वटहुकमाला मंत्रिमंडळाची एका दिवसात मंजुरी. शनिवारी, 24 तारखेला राज्यपालांची सही. डिसेंबरात कायदा. इतक्या लवकर होणारं काम होतं तर!

16 फेब्रुवारी 2015, कोल्हापूर. पुन्हा सकाळ, पुन्हा फिरून येण्याची वेळ. कॉ. गोविंद पानसरे, आमचे अण्णा, आणि त्यांच्या पत्नी उमाताई सागरमाळावरच्या घराजवळ पोचलेले. तिथंही मोटारसायकल, तिथंही गोळ्या. उमाताई वाचल्या. अण्णा गेले 20 तारखेला.

10 मे 2024 रोजी पुण्याच्या न्यायालयानं दाभोलकर खटल्यात दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं.

अण्णा गेल्यानंतर कोल्हापुरात दर महिन्याच्या 20 तारखेला 'निर्भय मॉर्निंग वॉक' सुरू झाला. सकाळी, त्याच वेळी, पायात चपला-बूट जे असेल ते घालून माणसं चालायला निघाली.