सोप्या वाटा पाण्याखाली

ट्रेकचा बेत ठरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सोपा, मध्यम की अवघड? मुळशीच्या डोंगरांत मी बरीच वर्षं हिंडतोय, त्यामुळे तिथली उत्तरं तोंडपाठ आहेत. पिंपरी ते भिरा, म्हणजे अंधारबन: उताराची वाट, पण दिवसभराची, पाय बोलायला लागतात. कैलासगड: चढ थोडा, पण उभा. घनगड: एका जागी शिडी, तेवढी सांभाळायची. तैलबैला: पायथ्याशी कुणीही जावं, कातळभिंतीवर दोराशिवाय जाऊ नये. आणि जलाशयाच्या काठाकाठानं ताम्हिणीकडे रमतगमत जाणं सगळ्यांत सोपं. त्याला आम्ही ट्रेक म्हणतच नाही.

ही प्रतवारी डोंगरानं केलेली आहे असं मी धरून चाललो होतो. ती निम्मीच डोंगराची आहे. उरलेली निम्मी धरणाची आहे, हे मला उशिरा कळलं.

कळलं ते कैलासगडाच्या बाजूला. खाली पाण्याचे फाटे डोंगरांच्या बेचक्यांत दूरवर शिरलेले दिसत होते. वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी समोरच्या काठावरचं गाव दाखवलं आणि विचारलं, ‘‘बाबा, तिकडं जायला किती वेळ लागेल?’’ ते म्हणाले, ‘‘नजरेला हाये तेवढंच. पायाला लई लांब.’’ मग काठीनं पाण्याकडे दाखवून म्हणाले, ‘‘पूर्वी मधूनच जायाचे.’’

‘मधूनच’ म्हणजे खोऱ्याच्या तळातून. नदीकाठानं, भातखाचरांच्या बांधांवरून, सपाटीनं. मुळशीतली सर्वांत सोपी वाट ती होती, आणि गेली शंभरएक वर्षं ती पाण्याखाली आहे.

आपण या भागाला कौतुकानं तळ्यांचा प्रदेश म्हणतो. पण लोणावळ्यापासून मुळशीपर्यंतच्या या मोठ्या जलाशयांतला एकही निसर्गानं दिलेला नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथलं पाणी अडवून खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचं १९२२ साली. मुळा आणि निळा या नद्यांचं पाणी मुळशीला अडवून भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. तिन्ही योजना टाटांच्या. हिशेब सरळ होता: सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो पडतो, आणि कडा संपला की कोकण शेकडो मीटर खाली. जे पाणी पूर्वेला भीमेकडे सावकाश वाहत गेलं असतं, ते माथ्यावर अडवायचं, डोंगराच्या पोटातून पश्चिमेला न्यायचं आणि सुमारे ५०० मीटर खाली सोडायचं. वीज मुंबईला: तिथल्या गिरण्यांना, दिव्यांना, गाड्यांना.

या हिशेबात खोऱ्याच्या तळाला किंमत होती ती एका भांड्याची. तिथं राहणाऱ्यांच्या दृष्टीनं तळ म्हणजेच सगळं होतं. आंबेमोहर पिकायचा तो तिथं. वरच्या उतारावर वरी-नाचणी व्हायची, गुरं चरायची, पण घर चालायचं ते खाचरांवर. योजनेत बावन्न गावं आणि अकरा हजारांच्या आसपास माणसं येत होती. जमिनी घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होताच.

१६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं ते या लढ्यात. विनायकराव भुस्कुटे हे दुसरे बिनीचे कार्यकर्ते. त्यांनी पुढे या सत्याग्रहाचा इतिहासही लिहिला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून टाटांना फेरविचाराचं आवाहन केलं. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा खोऱ्यात घुमली. त्याच वर्षाअखेरीस काम पुन्हा सुरू झालं आणि अटकांचं सत्रही. बायका-मुलांसह शेकडो लोक तुरुंगात गेले.

लढा हरला. त्यामागे कंपनीची आणि सरकारची ताकद होती, तशी आपलीही एक दुखरी गोष्ट होती. बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा मावळा जमीन मागत होता. सावकाराला मोबदला चालणार होता, फक्त तो चांगला हवा होता. जमीन वाचवायची की किंमत वाढवायची, यावर पुण्यातच एकमत नव्हतं. राजेंद्र व्होरांनी या सत्याग्रहावरच्या आपल्या पुस्तकात ही गुंतागुंत नीट उलगडून दाखवली आहे. शेवटी १९२४ साली बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. ते सुटून आले तेव्हा पाणी भरून चार वर्षं झाली होती.

पाणी चढलं तशी काही गावं पांगली, काही जुनी नावं घेऊन वर सरकली. जिथं पूर्वी गुरं चरायला न्यायचे तिथं घरं आली. शाळा, बाजार, दवाखाना गाठायचा तर वळसा किंवा होडी. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथं म्हण राहिली नाही.

वरच्या वाटा तेवढ्या राहिल्या. त्यातल्या काही फार जुन्या आहेत. तैलबैल्याजवळून वाघजाई घाट उतरतो तो ठाणाळे लेण्यांकडे. सवाष्णी घाट सुधागडाच्या अंगाला. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी ठाणाळ्याला डोंगर कोरला, तो कोकण आणि देश यांच्यामधली वर्दळ पाहूनच. त्या अवघड वाटांना कुणी हात लावला नाही, कारण त्या उभ्या होत्या. पाणी सपाटीवर साठतं. बुडतं ते सोपं.

म्हणून अंधारबनात उतरताना मला आता दोन प्रवास दिसतात. आम्ही पिंपरीहून निघतो, गर्द रानातून हिर्डीला पोहोचतो, भाकरी सोडतो आणि संध्याकाळी भिऱ्याला उतरतो. मुळशीचं पाणीही भिऱ्यालाच उतरतं, डोंगराच्या पोटातून. पुढे ते कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीला जातं. आमचा दिवस जातो, गुडघे दुखतात, आणि आम्ही त्याला ‘मध्यम’ असा शेरा देतो.

इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये मँचेस्टर शहराच्या पाण्यासाठी १९३० च्या दशकात हॉजवॉटरचं तळं वाढवलं, तेव्हा मार्डेल नावाचं गाव बुडालं. चर्च पाडण्याआधी तिथल्या दफनभूमीतले ९७ मृतदेह काढून दुसरीकडे पुरले. आजही तिथल्या डोंगरवाटा ‘मार्डेल हेड’पासून सुरू होतात. गाव नाही, पण चालणाऱ्याच्या तोंडी नाव आहे. आमच्या ट्रेकच्या माहितीत गाडी कुठं लावायची, पाणी कुठं मिळेल, जेवण कुठं मिळेल हे सगळं असतं. खाली काय आहे ते नसतं.

सेनापती बापटांचं नाव मात्र आम्ही रोज घेतो. पुण्यात मुळशीला निघताना त्यांच्या नावाच्या रस्त्यावर वाहतुकीत अडकतो. मुंबईत त्यांच्या नावाचा मार्ग जुन्या गिरण्यांच्या परळमधून, रेल्वेच्या कडेनं जातो. पूर्वी त्याचं नाव तुळशी पाइप रोड होतं, तुळशी तलावाच्या नळावरून पडलेलं. पाणी नेणाऱ्या नळाचं नाव पुसून पाणी अडवू नका म्हणणाऱ्याचं नाव दिलं गेलं, तेही वीज जिथं गेली त्या गिरणगावात. हे कुणी ठरवून केलं नसणार.

गेल्या खेपेला बरोबर कॉलेजची मुलं होती. काठावर थांबलो तेव्हा एकानं विचारलं, ‘‘सर, इथला सगळ्यात सोपा ट्रेक कुठला?’’ मी पाण्याकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं, मी बोटिंगबद्दल बोलतोय. मग आम्ही तिथंच बसलो आणि मी त्याला ती वाट सांगितली.