रक्तक्षय आणि स्त्रियांच्या ताटातील भाजी-फळे

रक्तक्षय : रक्तातील हीमोग्लोबिन कमी होण्याची अवस्था, बोलीत ‘अंगात रक्त नसणे’. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीत हे प्रमाण दर डेसिलिटरला 12 ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019–21) भारतातील 15 ते 49 वर्षे वयाच्या 57 टक्के स्त्रियांत तो आढळला, महाराष्ट्रात 54.2 टक्के.

या विषयाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईचा आहे. ब्रिटिश संशोधक ल्युसी विल्स 1928 मध्ये येथे आल्या आणि गिरणगावातील गरोदर कामगार स्त्रियांचा रक्तक्षय त्यांनी अभ्यासला. या बायकांच्या जेवणात फळे, भाज्या व प्रथिने तुटपुंजी होती. यीस्टच्या अर्काने, म्हणजे साध्या मार्माइटने, त्या सुधारल्या. अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट, म्हणजेच फोलिक आम्ल, ठरला, आणि 1941 मध्ये हे आम्ल वेगळे केले गेले ते पालकाच्या पानांतून.

हीमोग्लोबिनला लागणाऱ्या लोहासाठी मात्र पालकाची ख्याती जरा फुगवलेलीच. पालेभाजीतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. तिच्यावर लिंबू पिळले किंवा जेवणात पेरू, आवळा असला, तर क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. जेवणावर लगेच घेतलेला चहा ते घटवतो. भाजी उकळून पाणी ओतून दिले, तर फोलेटही मोरीत जाते.

मासिक पाळीतील रक्तस्राव, बाळंतपणे, जंत, सिकलसेल ही कारणे ताटाबाहेरची. त्यामुळे तीव्र रक्तक्षयात नुसत्या भाजीवर भागत नाही. तपासणी आणि औषधोपचार लागतातच.