जुना कॉम्प्युटर घरातल्याच माणसाला देताय? आधी एवढं करा

घरात नवीन लॅपटॉप आला की जुना कॉम्प्युटर भाचीकडे, पुतण्याकडे किंवा गावाकडच्या धाकट्या भावाकडे जातो. बाहेरच्याला विकायचा असेल तर आपण सगळं पुसून देतो. घरातल्याला देताना मात्र "असू दे, आपलीच आहे ती" म्हणत आहे तसा उचलून देतो. पुढच्या निम्म्या कटकटी तिथूनच सुरू होतात.

या लेखात उदाहरण म्हणून आमच्याच घरातला कॉम्प्युटर घेतलाय. साताऱ्यातला २०१४ सालचा डेस्कटॉप: इंटेलचा आय५-४५७० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. तो सांगलीला माझ्या भाचीकडे गेला. ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिला टॅली शिकायचंय आणि कॉलेजचे प्रोजेक्ट टाइप करायचेत. कोणत्या क्रमाने काय करायचं आणि का, ते बघूया. लॅपटॉपसाठीही बहुतेक पायऱ्या याच आहेत.

## द्यायच्या लायकीचा आहे का?

आपली अडगळ दुसऱ्याच्या गळ्यात पडायला नको. म्हणून तीन गोष्टी तपासा.

१. प्रोसेसर: इंटेलच्या नावातल्या आकड्यावरून पिढी कळते. आय५-४५७० म्हणजे चौथी पिढी, आय५-८४०० म्हणजे आठवी. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम २.० लागतं. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅप चालवलं की हो किंवा नाही, उत्तर मिळतं.

२. हार्ड डिस्क: 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. 'गुड' असेल तर ठीक. 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं तर ती डिस्क देऊ नका.

३. रॅम: आज ४ जीबीवर क्रोमचे पाच-सहा टॅब उघडले की मशीन रडायला लागतं. ८ जीबी हवीच.

आमच्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही. तरी ते कामाचं आहे, फक्त दोन सुट्या भागांवर खर्च करावा लागला. तो पुढे सांगतो.

## खाती आपली, मशीन तिचं

कॉम्प्युटर देताना आपण खरं तर दोन गोष्टी देत असतो: एक लोखंडी डबा आणि त्यात उघडी राहिलेली आपली खाती. डबा द्यायचा, खाती द्यायची नाहीत.

यात अविश्वासाचा प्रश्न नाही. क्रोममध्ये तुमचं गुगल खातं चालू राहिलं तर तुमचे सेव्ह केलेले पासवर्ड तिच्यासमोर असतातच, पण उलटंही घडतं. ती जे शोधेल, जे व्हिडिओ बघेल, त्याची यादी तुमच्या मोबाइलवर येते. अठरा वर्षांच्या मुलीने काय शोधलं हे मामाच्या फोनवर दिसणं बरोबर नाही. तिला मशीन द्यायचं तर तिचा खासगीपणाही द्यायला हवा. म्हणून ही कामं तिच्यासाठीसुद्धा करायची:

- मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅप उघडा, 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जा आणि तो कॉम्प्युटर लॉगआउट करा.
- गुगल खात्याच्या 'सिक्युरिटी' विभागात 'युअर डिव्हायसेस' बघा. जुना कॉम्प्युटर दिसला तर साइन आउट करा.
- मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून ते डिव्हाइस काढून टाका.
- टॅलीचा विकतचा परवाना असेल तर टॅलीमधूनच तो 'सरेंडर' करा, म्हणजे नव्या मशीनवर घेता येतो. अँटिव्हायरसचा परवानाही मशीन देण्याआधीच सोडवून घ्या.
- बायोसला पासवर्ड असेल तर काढा. नाहीतर तिकडे कुणालाच पेनड्राइव्हवरून विंडोज टाकता येणार नाही.
- डिजिटल सहीचा यूएसबी टोकन मागच्या बाजूला खोचलेला राहतो. तो आठवणीने काढा.

## श्रीलिपीतल्या फायली: मराठी घरांतली खास अडचण

युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा सॉफ्टवेअरमध्ये आणि फॉन्टमध्ये व्हायचं. आमच्या कॉम्प्युटरवर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टाइप केलेली पतसंस्थेची पत्रं, भाऊबंदांची वंशावळ आणि स्वतःच्या आठवणींची साठेक पानं होती. अण्णा आता नाहीत.

अशा फाइलमध्ये मराठी अक्षरं साठवलेली नसतात. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर फॉन्ट मराठी आकार रंगवत असतो. फाइल नव्या लॅपटॉपवर कॉपी होते, उघडतेही, पण तो फॉन्ट तिथे नसेल तर समोर निव्वळ अगम्य चिन्हं येतात. लोकांना वाटतं फाइल खराब झाली.

म्हणून जुना कॉम्प्युटर जिथे फॉन्टसकट चालू आहे, तिथेच हे उरका:

१. प्रत्येक फाइल उघडून पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे मजकूर कुठेही जसाच्या तसा दिसतो. एक पीडीएफ मोबाइलवर उघडून खात्री करा.
२. मूळ फाइल आणि फॉन्टची फाइल, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवा.
३. पुढे बदल करायचे असतील तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास गडबड होते.

हे काम वेळ खातं. पण मशीन एकदा पुसलं की करता येत नाही.

## बॅकअप दोन ठिकाणी

फोटो, दाखल्यांचे स्कॅन, सात-बाराचे उतारे, आयकराची विवरणपत्रं हे सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. त्यातलं अत्यंत गरजेचं क्लाउडवरही ठेवा. गुगलची १५ जीबी मोफत जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते, त्यामुळे सगळा अल्बम त्यात मावणार नाही. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डी ड्राइव्ह या तीन जागा तपासायला विसरू नका.

## पुसायचं कसं?

पर्याय १: डिस्कच बदला. मला हा सगळ्यात बरा वाटतो. जुनी हार्ड डिस्क काढून आपल्या कपाटात ठेवायची आणि नवीन एसएसडी बसवून त्यावर ताजं विंडोज टाकायचं. आपला डेटा घराबाहेर जातच नाही आणि जुनं मशीन ओळखू येणार नाही इतकं चपळ होतं. ॲक्टिव्हेट झालेल्या विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, म्हणून डिस्क बदलल्याने तो जात नाही.

पर्याय २: तीच डिस्क द्यायची असेल तर. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी या वाटेने 'रिसेट धिस पीसी'वर जा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी. तिथे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि 'चेंज सेटिंग्ज' उघडून 'क्लीन डेटा' चालू करा. तो बंद असेल तर फायली वरवर पुसल्या जातात आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळू शकतात. डिस्कचे भाग केले असतील तर सगळ्या ड्राइव्हवरचा डेटा पुसायचा पर्यायही निवडा, नाहीतर डी ड्राइव्ह जसाच्या तसा राहतो. हार्ड डिस्कवर या कामाला काही तास लागतात. यूपीएसवर चालू ठेवा.

## थोडा खर्च, मोठा फरक

- एसएसडी: जुन्या डेस्कटॉपला अडीच इंची साटा एसएसडी चालते. २५६ जीबी विद्यार्थ्याला पुरते.
- रॅम: चौथ्या पिढीच्या डेस्कटॉपला साधारणपणे डीडीआर३ लागते. डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही. आम्ही आणखी ४ जीबी टाकून ८ केली.
- मदरबोर्डवरचा सेल: सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो. तो संपला की तारीख मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणायला लागतो. बदलायला पाच मिनिटं लागतात.
- यूपीएसची बॅटरी: तीन-चार वर्षं झाली असतील तर तपासा. वीज गेल्यावर लगेच बंद पडणारा यूपीएस देणं म्हणजे नुसतं वजन देणं.

## विंडोज १० चं काय?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर त्यामुळे बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट थांबतात. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्याची नोंदणी मायक्रोसॉफ्ट खात्यातून होते, म्हणून ती घेणाऱ्याच्या खात्यातूनच करा.

त्यानंतरसाठी लिनक्स मिंट हा चांगला मोफत पर्याय आहे. पेनड्राइव्हवरून चालवून आधी बघता येतो. ब्राउझर, टायपिंग, व्हिडिओ सगळं होतं. टॅलीला मात्र विंडोज लागतं. म्हणून आम्ही दोन्ही ठेवलं: टॅलीसाठी विंडोज, बँक, ई-मेल आणि बाकीचं मिंटमध्ये. ऑफिससाठी लिब्रेऑफिस टाकलं.

## सातारा ते सांगली: वाहतूक

साधारण सव्वाशे किलोमीटर. महामार्गाने कराड, पेठ नाका आणि पुढे आष्ट्यावरून सांगली. स्पीडब्रेकरच्या प्रत्येक दणक्यात रॅम सैल होऊ शकते.

- वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून वेगळं गुंडाळा.
- कॅबिनेट मागच्या सीटवर आडवं ठेवा, मदरबोर्डची बाजू खाली. मॉनिटर उभा, पडद्याला मऊ चादर.
- वायरींना चिकटपट्टी लावून नावं लिहा.
- पावसात नेला तर पोचल्यावर तासभर तसाच ठेवा, मग चालू करा.
- चालू केल्यावर नुसता बीप वाजला तर घाबरू नका. वीज काढून रॅम पुन्हा नीट दाबून बसवा.

सांगलीत नदीजवळचं घर असेल तर जागाही विचार करून निवडा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कॅबिनेट तळमजल्यावर फरशीवर ठेवू नका. इशारा आला की प्लग काढून वरच्या मजल्यावर न्या.

## पोचल्यावर

पहिल्यांदा चालू करताना खातं तिच्याच नावाने, तिच्याच हाताने उघडू द्या. पासवर्ड तिचा. तो तुम्हाला माहीत असायची गरज नाही.

पुढे अडचण आली तर विंडोजमधल्या 'क्विक असिस्ट'ने साताऱ्यात बसून सांगलीचा पडदा बघता येतो. पण फसवणूक करणारेही हेच वापरतात. म्हणून नियम एकच: आपण स्वतः फोन केला असेल तरच कोड टाकायचा. समोरून "कंपनीतून बोलतोय" म्हणणाऱ्याला कधीच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वेगळं यूजर खातं काढून दिलं तर चालतं का?
चालतं, पण अ‍ॅडमिन तुम्हीच राहता. प्रत्येक सॉफ्टवेअरला तिला तुमचा पासवर्ड मागावा लागतो. एकाच घरात वापरायचा असेल तर ठीक, दुसऱ्या गावी द्यायचा असेल तर नको.

बिटलॉकरची की मागितली तर?
ती ४८ आकडी असते आणि बहुतेक वेळा जुन्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. देण्याआधी नीट रिसेट केलं तर हा प्रसंग सहसा येत नाही.

कॉम्प्युटरसोबत कागद काय द्यायचे?
खरेदीचं बिल आणि एक चिठ्ठी: कोणता भाग कधी बदलला, रॅम कोणती आहे, विंडोजचे अपडेट कधीपर्यंत येतील. दुरुस्तीवाल्यासमोर उभं राहिल्यावर ही चिठ्ठी तिच्या उपयोगी पडते.

काढलेले जुने भाग भंगारात टाकू का?
नको. नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. आणि हार्ड डिस्क तर पुसल्याशिवाय कुणालाच नाही.