गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सूक्ष्म वाटाडे

गर्भाशयमुखाचा कर्करोग मुखापुरताच मर्यादित असेल, तर तो शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होण्याची शक्यता मोठी असते. ओटीपोटातील लसिकाग्रंथींत तो शिरला, की उपचाराची दिशाच पालटते. २०१८ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार, मूळ गाठ लहान असली तरी लसिकाग्रंथी बाधित असल्यास रोग किमान तिसऱ्या टप्प्यातील मानला जातो. भारतात २०२२ या एका वर्षात या रोगाने सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्याचा अंदाज आहे. त्यामुळे रोग कोणत्या वाटेने पसरतो, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

या वाटेवर अलीकडे संशोधकांची नजर खिळली आहे ती मायक्रोआरएनए या रेणूंवर. जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांची ही साखळी स्वतः कोणतेही प्रथिन बनवीत नाही. जनुकाकडून निघालेल्या संदेशवाहक आरएनएला चिकटून ती तो संदेशच अडवते. १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत तिचा शोध लागला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना त्याबद्दल नोबेल मिळण्यास मात्र २०२४ साल उजाडावे लागले!

हा कर्करोग बहुतांशी ह्युमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. विषाणूचे ई-६ हे प्रथिन पेशीतील पी-५३ या रक्षक प्रथिनाचा नाश करते. पी-५३च्या आज्ञेने तयार होणारा मायक्रोआरएनए-३४ए त्यामुळे घटतो आणि पेशींच्या वाढीवरचा एक लगाम सुटतो. याउलट मायक्रोआरएनए-२१ वाढतो व गाठीला आवर घालणारी प्रथिने दाबून टाकतो. मायक्रोआरएनए-२०० कुलातील रेणू पेशींना एकमेकींशी बांधून ठेवण्यास मदत करतात. ते कमी झाले की पेशी सुट्या होऊन हिंडू लागतात.

सर्वांत लक्षवेधी कथा मायक्रोआरएनए-२२१ची आहे. चिनी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखविले, की कर्करोगाच्या पेशी हा रेणू एक्सोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून बाहेर धाडतात. लसिकावाहिन्यांच्या अस्तरातील पेशी त्या पिशव्या आत घेतात. तेथे हा रेणू व्हॅसोहिबिन-१ या, वाहिन्यांच्या वाढीस आळा घालणाऱ्या प्रथिनाची निर्मिती रोखतो. परिणामी नव्या लसिकावाहिन्या फुटतात. म्हणजे गाठ स्वतः निघण्यापूर्वीच आपला रस्ता बांधून घेते.

असे रेणू रक्तातही सापडतात. साध्या रक्तचाचणीने लसिकाग्रंथींची अवस्था शस्त्रक्रियेपूर्वी कळली, तर रुग्णाला शस्त्रक्रिया आणि नंतर किरणोपचार असा दुहेरी मारा सोसावा लागणार नाही. आशा रास्त आहे. पण मथळ्यांतून दिसते तितकी ती जवळ नाही. बरेच अभ्यास थोड्या रुग्णांवरचे आहेत व त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या, तरी त्यांच्यातील मायक्रोआरएनए मिसळून मोजमाप बिघडते. औषधाच्या बाबतीतही धक्का बसला आहे. मायक्रोआरएनए-३४एची कृत्रिम प्रतिकृती विविध कर्करोगांच्या रुग्णांना देणारी चाचणी प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. लसिकाग्रंथींचा निर्णय आजही स्कॅन आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी यांवरच होतो.