पटकीचे विष आणि पटकीची लस : परळ ते मेडचल

पटकीचा जंतू आतड्यात विष सोडतो, ते विष सापडले आणि त्यावरून लस तयार झाली, असा सरळ क्रम आपण वर्गात सांगतो. प्रत्यक्ष इतिहास बराच वाकडा आहे.

अशा विषाची कल्पना रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये मांडली. पुरावा मिळण्यास पाऊणशे वर्षे लागली. १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात जंतुविरहित गाळीव द्रव सोडला; तो भाग पाण्याने फुगला. त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतील दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांना जंतूंचा अर्क तोंडावाटे देऊन जुलाब घडवून दाखविले. डे यांचे नाव आता उशिरा का होईना घेतले जाते. पानसे-कुलकर्णींचे नाव मराठी पाठ्यपुस्तकात माझ्या तरी पाहण्यात नाही.

विष हाती आल्यावर ते निकामी करून टोचण्याचा मार्ग साहजिकच सुचला. १९७४ मध्ये बांगलादेशात मतलब येथे तो अजमावला गेला. संरक्षण अल्प मिळाले. हज यात्रेकरूंना ज्या सुईचा दाखला बाळगावा लागे, ती मृत जंतूंची जुनी लसही तोकडीच होती; १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दाखल्याची अट काढली. लढा आतड्याच्या अस्तरावर होता, तेव्हा लस तोंडावाटे देणे भाग होते.

मतलबलाच १९८५ मध्ये दोन तोंडी लसींची तुलना झाली. मृत जंतूंसह विषाचा निरुपद्रवी 'बी' घटक असलेल्या लसीने सहा महिन्यांत ८५ टक्के संरक्षण दिले, नुसत्या जंतूंच्या लसीने ५८ टक्के. तीन वर्षांअखेर मात्र आकडे ५० आणि ५२ झाले! विषाच्या घटकाचा लाभ अल्पकाळचा ठरला.

पुढील टप्पा आपल्या परिसरातला आहे. नामपल्लीपासून उत्तरेस, मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील मेडचल येथे शांता बायोटेक्निक्सने 'शांकॉल' ही नुसत्या मृत जंतूंची स्वस्त लस बनविली. २००९ मध्ये तिला भारतात परवाना मिळाला. कोलकात्यातील चाचणीत पाच वर्षांचे संरक्षण ६५ टक्के भरले. पुढे कंपनीची मालकी घेणाऱ्या सनोफीने उत्पादन थांबविले, तेही जगात लस अपुरी पडत असताना. २०२२ मध्ये साथीच्या वेळी दोनऐवजी एकच मात्रा देण्याचा निर्णय घ्यावा लागला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये भारत बायोटेकने हैदराबादेतच 'हिलकॉल' सादर केली. तीही मृत जंतूंचीच आहे.