‘द्या’ला इंग्रजीत काय म्हणतात?

“जगात जर्मनी, भारतात परभणी” असं आम्ही परभणीकर अभिमानाने म्हणतो. (का म्हणतो ते विचारू नका!) पण ज्या भाषेत जगाशी बोलायचं ती इंग्रजी मात्र आमच्या जिल्ह्यात आली कागदावरून. ती बोलणारी माणसं तिच्यासोबत आलीच नाहीत. आपल्या इंग्रजीची बरीचशी रडकथा मला इथेच सापडते.

१९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. घरात मराठी, बाजारात दखनी, वरच्या वर्गांत उर्दू. त्या पिढीला अदब शिकायला पुस्तक लागलं नाही. कोणाला ‘तू’, कोणाला ‘आप’, कोणापुढे आवाज खाली, हे सगळं बघून-ऐकून अंगात मुरलं. इंग्रजीच्या वाट्याला मात्र भाषांतर आलं. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, पण वर्गातली रीत फारशी बदलली नाही. मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा.

आता बघा. “मला पाणी द्या” याचं भाषांतर “गिव्ह मी वॉटर”. व्याकरणाचे पूर्ण गुण! पण ‘दे’लाही गिव्ह आणि ‘द्या’लाही गिव्ह, मग ‘द्या’मधला मान गेला कुठे? मराठीत तो क्रियापदातच बसलेला असतो. इंग्रजीत तो वाक्याच्या घडणीत, “कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?” असा आणावा लागतो. तसंच फोनवरचं “हां, बोला.” आपल्याकडे किती अगत्याचं! त्याचं “येस, टेल” झालं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा वैतागलाय.

हे वरवर किरकोळ वाटतं, पण नाही. जेनी थॉमस या भाषाअभ्यासक बाईंनी १९८३ साली एका लेखात नेमकं यावर बोट ठेवलं. व्याकरण चुकलं तर लोक म्हणतात, याला भाषा येत नाही. बोलण्याची रीत चुकली तर म्हणतात, माणूसच उद्धट आहे. घरी आजोबांना ‘अहो’ म्हणणारा जिंतूरचा किंवा गंगाखेडचा मुलगा पुण्यात मुलाखतीला बसतो आणि उर्मट ठरतो. मुलगा संस्कारी, वाक्यही शुद्ध, आणि तरी हे असं!

जगात या गोष्टीची जाण सत्तरच्या दशकात आली. वाक्य बरोबर असणं वेगळं आणि ते त्या जागी शोभणं वेगळं, हे डेल हाइम्स यांनी मांडलं. १९७५ साली युरोप परिषदेसाठी व्हॅन एक यांनी धडे व्याकरणाऐवजी विनंती करणं, माफी मागणं, नकार देणं अशा कामांवर बेतायची दिशा दाखवली. १९७९ साली बीबीसीची ‘फॉलो मी’ ही मालिका आली. छोटे छोटे प्रसंग, त्यातली माणसं आणि त्यांचं बोलणं. १९८२ पासून ती चीनमध्येही दाखवली गेली आणि तिथे तुफान गाजली.

आपल्याकडेही चित्र आलं. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, २०१७ साली बंद पडली. २००० साली मराठी शाळांत इंग्रजी पाचवीवरून पहिलीत आली. २०१५ नंतर लोकवर्गणीतून गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत टीव्ही, प्रोजेक्टर आले. २०२० च्या टाळेबंदीत तर सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. म्हणजे पडदा गावात पोचला. पण बऱ्याचदा त्यावर दिसतं काय? कविता, शब्दांच्या याद्या आणि पुन्हा व्याकरण! फळा तेवढा उजळला.

खरं तर पडद्याचं बळ वेगळंच आहे. दोन मिनिटांचा प्रसंग घ्यावा. आधी आवाज बंद करून दाखवावा आणि विचारावं, यातला साहेब कोण? कशावरून ओळखलं? मग आवाज लावावा. उत्तर यायच्या आत चित्र थांबवावं: आता ही बाई काय म्हणेल? मग तीच विनंती मित्राला, मग मुख्याध्यापकांना करायला लावावी. यासाठी गुरुजींचा मोबाईलसुद्धा पुरतो. चित्र थांबवून प्रश्न विचारणारं माणूस मात्र हवंच.

आणि प्रसंग लंडनचेच कशाला? आमच्या मुलांना इंग्रजी बोलायची आहे ती बंगळूरच्या तमिळ साहेबाशी, हैदराबादच्या डॉक्टरांशी. तिथले ‘सर’ आणि ‘मॅडम’ही त्यात असू द्यावेत.

गंमत म्हणजे ही युक्ती आपल्याला परकी नाहीच. “जरा पाणी देता का?” असं आपणही हुकमाचा प्रश्न करून मागतोच की! रीत मुलांकडे आहे, जुन्या परभणीकरांसारखीच बघून-ऐकून आलेली. इंग्रजीत ती कुठे ठेवायची, एवढंच त्यांना कुणी दाखवलेलं नाही.