पाचगणीतील बंगले

सातारा जिल्ह्यात वाई–महाबळेश्वर रस्त्यावरील पाचगणीची जुनी घरवस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन याच्या पुढाकाराने येथे इंग्रजांची वसाहत उभी राहिली. पुढे मुंबईच्या पारशी कुटुंबांनीही बंगले बांधले. जांभ्याच्या भिंती, उतरते छप्पर, समोर रुंद व्हरांडा आणि आवारात सिल्व्हर ओक हा त्यांचा नेहमीचा थाट. व्हरांड्याला पुष्कळदा काचेची तावदाने असतात. ऊन आत येते, वारा बाहेर राहतो. पावसाची खरी झळ पश्चिमेच्या भिंतीला बसते. ती ओल धरू नये म्हणून पूर्वी जूनआधी गवताच्या झडी बांधत, आता पत्रे किंवा प्लास्टिक. तरीही आषाढ-श्रावणात कपडे वाळता वाळत नाहीत आणि कपाटातल्या चपलांना बुरशी धरते.

मालक बहुधा मोसमी. बंगला वर्षभर जिवंत ठेवतो तो माळी-रखवालदार, मागच्या खोलीत बिऱ्हाड करून. गावाचे वेळापत्रक मात्र निवासी शाळा ठरवतात: सुट्टी लागली की मुले घरी जातात आणि पर्यटक येतात. काही बंगल्यांत शाळाच भरल्या, काहींची हॉटेले झाली. 2001 मध्ये महाबळेश्वर–पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाल्यापासून नव्या बांधकामावर निर्बंध आहेत.